वेगाची पारख

हल्लीं आमच्या वरच्या वर्गांत मधल्या सुट्टींत क्रिकेटइतकाच जोराचा वाद संगणकाच्या प्रोसेसरविषयीं चालतो. ज्याचे गिगाहर्ट्झ अधिक तो श्रेष्ठ, असा एका पक्षाचा आग्रह. जो खेळांत पुढें तोच श्रेष्ठ, असा दुसऱ्याचा. आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्धेंच सत्य बोलतात, आणि या अर्ध्या सत्याची किंमत बहुधा पालकांस मोजावी लागते.

उदाहरणादाखल एएमडी कंपनीचे दोन प्रोसेसर घेऊं. रायझन ७ ५८००एक्स हा २०२० च्या नोव्हेंबरांत बाजारांत आला. रायझन ७ ५८००एक्स३डी हा २०२२ च्या एप्रिलांत. दोहोंत कोअर आठच, आणि आरंभीं जाहीर झालेली किंमतही दोहोंची ४४९ डॉलरच. पहिल्याची कमाल गति ४.७ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याची ४.५. म्हणजे मागून आलेला तोच मंद! परंतु पहिल्याच्या पोटांत तिसऱ्या पातळीची कॅश ३२ मेगाबाइट, तर दुसऱ्याच्या ९६ मेगाबाइट आहे. वाढीव ६४ मेगाबाइट मूळ चिपेवर मजल्यासारखे चढविलेले आहेत. या मजल्यामुळें उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो, म्हणून गति थोडी आवरती घ्यावी लागली.

याचा परिणाम स्वयंपाकघराच्या दाखल्यानें सहज कळेल. एका सुगरणीचा हात चपळ, पण मिसळणाचा डबा लहान. जिन्नस संपला कीं कोठीच्या खोलीकडे धांव. दुसरीचा हात किंचित् सावकाश, पण डबा तिप्पट मोठा. कॅश हा डबा आणि रॅम ही कोठी. फ्लाइट सिम्युलेटर किंवा फॅक्टोरिओ यांसारख्या खेळांत क्षणोक्षणीं निरनिराळी माहिती लागते. तेथें मोठा डबा बाजी मारतो. ब्लेंडरमध्यें चित्रें पूर्ण करून काढतांना कोठीच्या फेऱ्या त्या मानानें थोड्या पडतात. तेथें चपळ हात पुढें जातो. पत्र लिहिणें, धडा वाचणें, हिशेब मांडणें, यांत तर दोहोंमधील भेद डोळ्यांस दिसतही नाहीं.

२०२३ सालीं एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले. मिळकत बेताची, मुलानें मात्र एक्स३डीचाच हट्ट धरिला होता, आणि तो त्या वेळीं दुसऱ्याहून महाग पडत होता. “सर, मुलगा म्हणतो याच्याहून चांगला नाहींच. घेऊं का?” आम्हीं मुलासच विचारलें, “तुझें काम कोणतें?” शाळेचा अभ्यास, ब्लेंडरमधील चित्रें आणि जुन्या, साधारण ग्राफिक्स कार्डावर एक-दोन खेळ, असें त्यानें सांगितलें. या दोन्ही प्रोसेसरांत पडदा चालविण्याची स्वतःची सोय नाहीं. ग्राफिक्स कार्ड लागतेंच, आणि तें दुबळें असल्यास मोठा डबाही रिकामा बसून राहतो. म्हणून पहिला प्रोसेसर घ्यावा व उरलेला पैसा चांगल्या कार्डासाठीं राखावा, असें आम्हीं सुचविलें. मुलगा चार दिवस रुसला. त्याचें मन विमानाच्या खेळांत असतें व कार्डही दमदार असतें, तर आम्हीं उलट सल्ला दिला असता. खेळ हा कांहीं अपराध नव्हे.

बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा दाखला शुभवर्तमानांत आहे. बुरूज कशासाठीं हवा, हें ज्यास ठाऊक नाहीं त्याचा हिशेब जुळणार कसा? ‘श्रेष्ठ कोणता?’ हा प्रश्न अपुरा आहे, ‘कोणत्या कामास?’ हे शब्द जोडल्यावांचून त्यास उत्तर नाहीं. वर्षअखेर एकाच आंकड्यावरून मुलांचे अनुक्रम लावणाऱ्या आम्हां शिक्षकांसही हा धडा पुनः एकदां गिरविण्यासारखा आहे.