एक पोचली, बाकीच्यांचं काय?



परवा धुळ्याजवळच्या एका शिबिरात मी एका सरपंच ताईंना विचारलं, प्रोसिडिंगवर सही करण्याआधी तुम्ही ते वाचता का? त्या ओशाळून हसल्या. वाचतात त्यांचे पती. सही तेवढी यांची.

परतताना मला प्रतिभाताई पाटील आठवल्या. १९३४ साली बोदवडजवळच्या नाडगावात जन्मलेली ही मुलगी जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकली, मुंबईला कायदा शिकून जळगावच्या कोर्टात वकिली करू लागली. १९६२ साली, सत्तावीस वर्षांची असताना, जळगावमधून विधानसभेवर निवडून आली. लग्न झालं ते १९६५ साली. म्हणजे कुणाची पत्नी म्हणून मिळालेली ही जागा नव्हती. पुढे १९६७ पासून एदलाबाद, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून सलग चारदा आमदार. उपमंत्री, मंत्री, १९७९-८० मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या आणि २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती.

पाठीशी काँग्रेस पक्ष होता, हे खरं. त्यांच्या राजकारणाशी आपले मतभेदही असतील. पण कायदा वाचून सभागृहात उभं राहता येणं, ही कमाई त्यांची स्वतःची.

मात्र एक बाई वर पोचली म्हणून बाकीच्यांची वाट मोकळी होत नाही. याच जळगावात १९९४ साली लैंगिक शोषणाचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा तक्रार करायला पुढे येणं मुलींना किती अवघड होतं, ते आपण पाहिलं. २०१९ साली विधानसभेच्या २८८ जागांवर निवडून आल्या फक्त २४ बायका. २०२३ च्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश जागा देऊ केल्या, पण त्याही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर.

तोवर थांबायचं कशाला? ग्रामपंचायतीत १९९३ पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. तिथे कारभार शिकलेली बाई उद्या विधानसभेत कुणाची बाहुली म्हणून जाणार नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटानं एखादी वकील मैत्रीण गाठावी. महिन्यातून एक दिवस पंचायत सदस्य बायकांसोबत बसून प्रोसिडिंग आणि ग्रामपंचायत कायदा वाचावा. वाचल्याशिवाय सही नाही, एवढं जरी ठरलं तरी खूप झालं.

तुमच्या गावात सही कोण करतं आणि वाचतं कोण, जरूर लिहून कळवा.

— संपादक