चिखलदऱ्याला सोलरचं घर?

आमच्या ऑफिसात सध्या नवीन खूळ आहे. चिखलदऱ्याकडे जमीन घ्यायची, सोलर लावायचं आणि महावितरणला रामराम! मी अमरावतीचा, म्हणून सगळे मलाच विचारतात. (अकोल्याचा मे महिना काढलेल्या माणसाला हे स्वप्न पडणारच म्हणा.)

जरा हिशोब करू. दोन लॅपटॉप, पंखा, दिवे, छोटा फ्रिज... दिवसाला अडीच युनिट धरा. उन्हाळ्यात एक किलोवॉटची पॅनल्स एवढं आरामात देतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दिवसच्या दिवस धुकं! चार दिवसांची सोय म्हणजे दहा युनिट साठवायला हवेत. आपली नेहमीची १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे जेमतेम ०.९ युनिट. झाल्या की अकरा बॅटऱ्या! काही वर्षांनी पुन्हा अकरा. लिथियम घेतली तर नग कमी, पण सुरुवातीचा खर्च बघा. आणि हे सगळं घाटातून वर येणार ते सरकारी रस्त्यानेच, त्यामुळे 'स्वावलंबन' वगैरे शब्द जरा जपून वापरा.

मेळघाटातल्या कित्येक कोरकू गावांनी वर्षानुवर्षं अशीच काढली, पण हौसेनं नाही. छोट्या पॅनलवर दिवा लागतो, मोबाईल चार्ज होतो; पिठाची चक्की फिरत नाही. बैरागडला आयुष्य घालवलेल्या डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. मंत्र्यांनी घर बांधून देतो म्हटलं, तेव्हा स्मिताताईंनी रस्ते मागितले असं सांगतात.

असो. जमीन बघायला मीही येतो, पण ऑगस्टमध्ये. दोन रात्री तिथे राहा, मग टोकन द्या.