आमिषाची वाम मरते ती आपल्या बादलीमुळं



मरळीच्या गळाला बारकी वाम लावणारे आमच्याकडं बरेच आहेत. संध्याकाळी दहा धरून आणायच्या, सकाळी बघावं तर सहा पालथ्या. "आमिषच हाय, परत धरू," असं म्हणून विषय संपतो. मला हे पटत नाही. गोठ्यातल्या जनावराला आपण असं म्हणतो का? ओढ्यातली वाम काही आपण पेरलेली नाही.

पहिला दोष भांड्याचा. फवारणीचा ड्रम दहा वेळा धुतला तरी माशाला चालत नाही. सायपरमेथ्रीन, लॅम्डा यांसारखी औषधं माशाला अगदी नखभर असली तरी मारतात. माशाचा टब वेगळाच ठेवा, त्यात दुसरं काही कालवू नका.

दुसरा दोष पाण्याचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उघड्या टबात एक दिवस ठेवून मगच वापरा. बोअरच्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून ते उंचावरून धार धरून ओता. टब सावलीत पाहिजे, कारण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. दोनशे लिटरला आठ-दहा बारक्या, त्याहून जास्त नको. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला. मेलेली लगेच काढा, नाहीतर सगळं पाणी नासतं.

वाम अंधारात फिरणारी, दिवसा लपणारी. टबात पाईपाचे तुकडे टाका, ती आत शिरून शांत बसते. झाकण घट्ट पाहिजे, बोटभर फट सापडली तरी ती बाहेर पडते. कोरड्या हातानं धरू नका. अंगावरचा बुळबुळीतपणा हेच तिचं चिलखत, तो निघाला की रोग शिरतो. दोन-तीन दिवस ठेवायची असेल तर खायला घालूच नका, पाणी स्वच्छ राहतं. आठवडाभर ठेवायची असेल तर संध्याकाळी थोडी गांडुळं टाका, उरलेली काढून घ्या.

आता मुद्द्याचं. उरलेली वाम शेततळ्यात ओतू नका, ती तुमचीच बोटुकली खाईल. जिथली धरली तिथंच सोडा. आणि आमिष म्हणून परदेशी मांगूर तर आणूच नका. त्याच्यावर केंद्राची 2000 सालापासून बंदी आहे, आणि एकदा ओढ्यात सुटला की परत धरता येत नाही.

अहीर मासा मात्र गळाला लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो समुद्रात जन्मतो, नदीत वाढतो आणि अंडी घालायला परत समुद्रात जातो. वाटेत धरणं आडवी. त्याचं बीज विकत मिळत नाही. एक मरळ धरायला असा मासा घालवणं म्हणजे बियाण्याची ज्वारी भाजून खाणं.

दहा धरून सहा मारण्यापेक्षा चार धरा आणि चारही जगवा. ओढ्याला तेवढंच पेलतं.

तुमच्याकडं काय पद्धत आहे, जरूर लिहा.