आबासाहेबांचे पाणी

गणपतराव देशमुख यांची आज, 30 जुलैला, पुण्यतिथी. 2021 साली याच दिवशी सोलापुरात त्यांनी अखेरचा श्वास घेतला, तेव्हा ते 94 वर्षांचे होते. सांगोल्यात त्यांचा उल्लेख नावाने क्वचितच होई. तिथे ते आबासाहेब. 1962 मध्ये ते पहिल्यांदा आमदार झाले आणि 2014 मध्ये 11व्यांदा. आजोबांनी ज्यांना मत दिले, त्यांनाच नातवानेही आयुष्यातले पहिले मत दिले, अशी घरे या तालुक्यात गावोगाव सापडतील.

पुण्यतिथी आली की त्यांच्या साधेपणाच्या आठवणी निघतात. एसटीत आमदारांसाठी एक आसन राखीव असते. त्या आसनावर खरोखर बसून मुंबईला जाणारे आबासाहेब लोकांनी पाहिले आहेत. ही आठवण सांगायलाच हवी. पण साधेपणाचे कौतुक सगळ्यांना परवडते, कारण त्याने कुणाच्या हितसंबंधांना धक्का लागत नाही. त्यांच्या राजकारणाने तो लागत होता, आणि नेमके तेच आपण पुण्यतिथीच्या भाषणांतून गाळतो.

ते मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. कायदा शिकून सांगोल्यात वकिली करू लागले आणि शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा खांद्यावर घेतला तो कायमचाच. या पक्षाचे भलेभले पुढारी काँग्रेसच्या वळचणीला गेले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात आबासाहेबही सहज मिळवले गेले असते. ते गेले नाहीत. 1972 ला हरले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत निवडून आले. 1995 ला अवघ्या 192 मतांनी पडले, आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा त्याच पक्षाकडून जिंकले. 1978 च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि 1999 नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. पण सांगोल्याला ते आठवतात ते पाण्यासाठी भांडणारे आमदार म्हणून.

माण नदी या तालुक्यातून वाहते म्हणायचे, पण वर्षातले कित्येक महिने तिच्यात वाळूच दिसते. पश्चिमेला सह्याद्रीच्या पावसावर कृष्णा, कोयना तुडुंब भरायच्या आणि इकडे माण, खटाव, आटपाडी, सांगोला टँकरची वाट पाहायचे. बच्छावत लवादाने 1976 मध्ये कृष्णेचे 560 टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिले. पण हे तालुके चढावर. पाणी उचलून आणल्याशिवाय ते मिळणार कसे? मग 1993 पासून आटपाडीत पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि आबासाहेब तिचे आधारस्तंभ होते. सातारा, सांगली, सोलापुरातले 13 दुष्काळी तालुके त्यात एकवटले. मागणी नुसती पाण्याची नव्हती, समन्यायी वाटपाची होती: पाणी कुटुंबागणिक मिळाले पाहिजे, ज्याला जमीन नाही त्यालाही. ज्या भागात पाणी आणि ऊस हे एकाच सत्तेचे दोन हात आहेत, तिथे ही मागणी किती जणांच्या डोळ्यांत खुपली असेल! दरवर्षी परिषद, दरवर्षी ठराव, मग तेच प्रश्न विधानसभेत. कऱ्हाडजवळच्या टेंभूतून आणि मिरजेकडच्या म्हैसाळमधून टप्प्याटप्प्याने उपसलेले पाणी तालुक्याच्या काही भागात पोचले, त्यामागे ही चिकाटी आहे.

कापसासाठी कधीच नाव नसलेल्या या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली, मग महिलांची वेगळी गिरणी. शेतमजुरीशिवाय दुसरे काम न मिळालेली बाई रिंगफ्रेमवर तुटलेला धागा सांधते आणि महिन्याचा पगार स्वतःच्या हातात घेते, हे दुष्काळी भागात लहान काम नाही. सहकाराची वाट लागल्याच्या कहाण्या ऐकून विटलेल्यांनी सांगोल्याला जरूर जावे.

2019 मध्ये वयामुळे ते थांबले. त्यांच्या जागी उभे राहिलेले नातू डॉ. अनिकेत 768 मतांनी हरले. 2024 मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब निवडून आले. घराण्याचा वारसा हा आमच्या मते अभिमानाचा विषय होण्याआधी हिशेबाचा विषय असतो. आजोबा सांगोल्यात आले तेव्हा पाठीशी ना घराणे होते, ना मतदारसंघ. त्यांनी कमावलेली पुण्याई नातवाला एकदा तारेल. पुढे टेंभूच्या शेवटच्या टोकाच्या गावाला आवर्तन वेळेवर मिळाले का आणि उपशाचे वीजबिल कोणी भरले, हेच विचारले जाईल. विचारलेही पाहिजे.

एक काम मात्र कोणत्याही निवडणुकीची वाट न पाहता करता येईल. आबासाहेबांची भाषणे विधानसभेच्या कार्यवृत्तात आहेत. दुष्काळ, पाणीवाटप, रोजगार हमी, सहकार अशी विषयवार लावून ती सोलापूरच्या विद्यापीठाने अभ्यासाला घ्यावीत आणि सांगोला, मंगळवेढा, आटपाडीच्या कॉलेजांत पोचवावीत. पुढच्या 30 जुलैपर्यंत त्याचा पहिला खंड निघाला, तर हार-फुलांवरचा खर्च थोडा कमी झाला तरी चालेल.