रुग्णालयाचा कारभार : एक दुर्लक्षित सेवाक्षेत्र

२०२१ सालच्या पहिल्या चार महिन्यांत महाराष्ट्राने तीन भीषण दुर्घटना पाहिल्या. ९ जानेवारी रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. २१ एप्रिल रोजी नाशिक येथे प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्णांचा श्वास थांबला. त्यानंतर दोनच दिवसांनी आपल्या विरारमध्ये एका खाजगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. तेथेही दहाहून अधिक रुग्ण प्राणास मुकले.

या तिन्ही ठिकाणी निदान चुकले नव्हते, शस्त्रक्रियाही फसली नव्हती. प्रश्न होता तो इमारत, यंत्रसामग्री आणि देखरेख यांचा. रुग्णाचा जीव डॉक्टरांच्या हाती असतो हे खरे. परंतु तो रुग्णालयाच्या कारभारावरही तितकाच अवलंबून असतो. हा कारभार पाहणे हे आज एक स्वतंत्र शास्त्र व स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. आपल्या समाजात मात्र त्याची चर्चा अभावानेच होते.

रुग्णालय व्यवस्थापकाचे काम केवळ कार्यालयात बसून सह्या करण्याचे नाही. परिचारिकांच्या पाळ्या, औषधांचा साठा, अग्निसुरक्षेची तपासणी, २०१६ च्या नियमांनुसार जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट, विमा कंपन्यांशी व्यवहार, एनएबीएचची मानके, रुग्णांच्या तक्रारी अशा अनेक गोष्टींचा मेळ त्याला घालावा लागतो.

त्याहून मोठी जबाबदारी न्यायाची आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. बिलांच्या एकूण रकमेपैकी २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. असे असूनही पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने मार्च २०२५ मध्ये गर्भवती महिलेच्या कुटुंबाकडे दहा लाखांची अनामत रक्कम मागितल्याचा आरोप झाला. पुढे त्या मातेचा अन्यत्र मृत्यू झाला आणि अवघे राज्य हळहळले. कायदा कागदावर असतो. तो गरिबापर्यंत पोहोचतो की नाही, हे रुग्णालयाच्या प्रवेशखिडकीवर ठरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबाबतही हेच म्हणता येईल. संलग्न रुग्णालयांत मदतीसाठी आरोग्यमित्र असतात. परंतु व्यवस्थापनाचीच इच्छा नसेल तर कागदपत्रांच्या फेऱ्यांत रुग्णाचा मोलाचा वेळ जातो.

या क्षेत्राचे शिक्षण उपलब्ध आहे. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारणतः दोन वर्षांचा असतो व अनेक ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधरास तो खुला असतो. मुंबईत देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या शिक्षणात नाव मिळवले आहे. एमबीबीएस झालेल्यांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात याच विषयात एमडी करण्याची सोय आहे.

तथापि पालकांना आम्ही सावधही करू इच्छितो. या नावाने अवाजवी शुल्क घेणाऱ्या संस्था कमी नाहीत. प्रवेशापूर्वी पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे, प्रत्यक्ष रुग्णालयात किती महिने काम करावयास मिळते आणि मागील तुकडीतील विद्यार्थी कोठे नोकरीस लागले, हे विचारावे. प्रारंभीचे वेतन बेताचे असू शकते. रात्रीअपरात्री धावपळ आणि नातेवाइकांचा रोष सोसण्याचीही तयारी हवी.

परिचर्येच्या क्षेत्रात आपल्या भगिनींनी दीर्घकाळ सेवा केली आहे. वॉर्डाचा अनुभव गाठीशी असलेल्या परिचारिकेने व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले, तर तिच्याइतका जाणकार प्रशासक मिळणे कठीण. डॉक्टर असलेल्या धर्मभगिनी मेरी ग्लॉरी यांनी १९४३ मध्ये कॅथलिक रुग्णालयांची देशव्यापी संघटना उभारली, ती केवळ औषधोपचाराने सेवा पूर्ण होत नाही, तिला संघटनेची जोड लागते, हे ओळखूनच. अशा संस्थांचा भार अनेक वर्षे धर्मभगिनींनी वाहिला. पुढे तो प्रशिक्षित प्रापंचिकांना उचलावा लागेल.

म्हणून बारावीनंतर वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणजे रुग्णसेवेचे दार बंद झाले, असे आपल्या मुलामुलींनी मानू नये. गरीब रुग्णाला त्याच्या हक्काची खाट मिळवून देणे, हीदेखील रुग्णसेवाच आहे.