१,९५७ मतांचा आमदार आणि पूर्णेचे पाणी

मुक्ताईनगर विधानसभा मतदारसंघाचा २०१९चा निकाल १,९५७ मतांनी लागला. चंद्रकांत निंबा पाटील अपक्ष म्हणून निवडून आले आणि भाजपच्या रोहिणी खडसे पडल्या. मुक्ताईनगर, बोदवड आणि रावेर तालुक्यातली काही गावे मिळून हा मतदारसंघ होतो. निकालाची चर्चा वर्षभर पुरली, पण ती सगळी घराण्याची, तिकिटाची आणि बंडखोरीची होती. पाण्याच्या धंद्यातल्या माणसांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, या निकालाकडे कामाच्या नजरेने पाहिले नाही. त्याबद्दल हे संपादकीय आहे.

आधी माणूस आणि निवडणूक थोडक्यात. पाटील शिवसेनेचे जिल्हाप्रमुख होते. २०१४ साली युती तुटली, तेव्हा ते सेनेच्या तिकिटावर एकनाथ खडसे यांच्याविरुद्ध लढले आणि साधारण पावणेदहा हजार मतांनी हरले. खडसे, म्हणजे नाथाभाऊ, १९९०पासून सलग सहा वेळा इथून निवडून आले होते. त्यांच्याविरुद्ध एवढ्या कमी फरकाने हरणे हीच त्या वेळी मोठी बातमी होती. २०१९मध्ये युती झाली, जागा भाजपकडे राहिली, नाथाभाऊंना तिकीट नाकारले गेले आणि त्यांच्या कन्येला मिळाले. पाटलांनी अपक्ष अर्ज भरला. राष्ट्रवादीने आपला उमेदवार मागे घेऊन त्यांना पाठिंबा दिला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे: जून २०२२मध्ये ते शिंदे गटाबरोबर गुवाहाटीला गेले, आणि २०२४ साली शिवसेनेच्या तिकिटावर त्याच प्रतिस्पर्ध्याला त्यांनी वीस हजारांहून जास्त मतांनी हरवले. म्हणजे पहिली टर्म संपली, दुसरी सुरू आहे. पहिल्या टर्मचा हिशेब मांडायला हीच वेळ बरी.

या मातीतून पहिल्या टर्मचे आमदार याआधीही गेले आहेत. बोदवड तालुक्यातल्या नाडगावला जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ साली जळगावमधून विधानसभेत गेल्या, तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. मूळजी जेठा महाविद्यालय, मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, जळगावच्या न्यायालयातली वकिली आणि टेबल टेनिस अशी त्यांची तोवरची ओळख होती. पुढे १९६७पासून चार वेळा त्या एदलाबादमधून निवडून आल्या. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. मंत्रिपद त्यांना पहिल्या टर्ममध्ये मिळाले नाही. १९६७ साली त्या उपमंत्री झाल्या. योगायोग असा की त्यांची पहिली टर्म सुरू झाली त्याच १९६२ साली स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील राज्याच्या पहिल्या सिंचन आयोगाने अहवाल दिला. सिंचनाच्या नियोजनाची सुरुवात आणि या भागातल्या सर्वांत नामवंत लोकप्रतिनिधीची सुरुवात एकाच वर्षाची. त्यानंतर या जिल्ह्याने पाटबंधारे खाते सांभाळणारे मंत्री दिले: आधी खडसे, मग जामनेरचे गिरीश महाजन. आज तापी महामंडळ ज्यांच्या अखत्यारीत आहे ते जलसंपदा मंत्री महाजन आणि पाणीपुरवठा मंत्री गुलाबराव पाटील, दोघेही जळगाव जिल्ह्याचेच. तरी बोदवडला नळाचे पाणी कित्येक दिवसांआड येते आणि कपाशी वरच्या पावसावरच उभी असते. खाते जिल्ह्यात असले म्हणजे पाणी तालुक्यात येते, या समजाला बोदवडने साठ वर्षे खोटे पाडले आहे.

कारण भूगोलात आहे. तापी आणि पूर्णा यांचा संगम चांगदेवला होतो, त्याच्या थोडे खाली हतनूर धरण. हतनूरचे पाणी भुसावळ, दीपनगरचे वीज केंद्र, आयुध निर्माणी आणि उजव्या तीरावरच्या यावल-चोपड्याकडे जाते. बोदवड डाव्या बाजूला, वर, अजिंठ्याच्या डोंगराकडे चढत जाणाऱ्या बेसाल्टवर. सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यासारखे पाणी पिणारे गाळाचे थर इथे नाहीत. विहिरी फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ दाखवतात. मे २०२५मध्ये मध्य प्रदेशाबरोबर तापी महापुनर्भरणाचा करार झाला, त्याचा गवगवा मोठा आहे, पण पुनर्भरणाचा तो विचार मुळात त्या बझाडा पट्ट्याचा आहे. बोदवडने त्यावर फार आशा ठेवू नये, असे आमचे मत. इथे पाणी आणायचे तर ते उचलूनच आणावे लागते.

म्हणून बोदवड परिसर सिंचन योजना. पावसाळ्यात पूर्णेचे पुराचे पाणी मुक्ताईनगर तालुक्यात खामखेड्याजवळ उचलायचे, वरच्या साठवण तलावांत भरायचे आणि तिथून जळगाव-बुलढाण्यातल्या सुमारे ४२ हजार हेक्टरला द्यायचे. २०१९च्या आमदाराला ही योजना नवी मागावी लागली नाही. ती त्याच्या आधीपासून होती आणि त्याच्या पहिल्या टर्ममध्ये पुरी होणारही नव्हती. पहिल्या टर्मच्या लोकप्रतिनिधीची अडचण इथेच असते. त्याच्याकडे पाच वर्षे. उपसा योजनेला जॅकवेल, पंपगृह, ऊर्ध्वनलिका, भूसंपादन आणि वितरण मिळून वीस-पंचवीस वर्षे लागतात. आमदार निधी २०१९ला वर्षाला २ कोटी होता, २०२२पासून ५ कोटी झाला. त्यात एक चांगली शाखाही होत नाही. १,९५७ मतांवर निवडून आलेल्याने रस्ता, सभामंडप, पाण्याची टाकी अशा डोळ्यांना दिसणाऱ्या कामांना पहिले स्थान द्यावे, यात त्याचा दोष काढता येत नाही. त्यातून त्या टर्मला कोविडने गाठले. सप्टेंबर २०२०चे पावसाळी अधिवेशन दोन दिवसांचे, डिसेंबरचे हिवाळी दोन दिवसांचे, जुलै २०२१चेही दोनच दिवसांचे. नव्या आमदाराने तारांकित प्रश्न लावून खाते शिकायचे असते; ती शाळाच बंद होती. पुढे सरकारही बदलले.

तरीही एक हत्यार त्याच्या हातात होते आणि आजही आहे. ते आपण त्याला दिले नाही.

लोकप्रतिनिधी सिंचनाबद्दल सभागृहात काय विचारतो ते एकदा नीट ऐका. सुधारित प्रशासकीय मान्यता कधी? निधी किती? काम किती टक्के? हे प्रश्न आपणच त्याच्या कानात घातलेले आहेत, कारण आपल्याही फायली याच तीन रकान्यांवर चालतात. उपसा योजनेचे मरण मात्र या रकान्यांत कधीच नोंदले जात नाही. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ साली मुख्यमंत्र्यांना पाठवलेल्या पत्रात उपसा योजनांवर बोट ठेवले होते. त्या वर्षीच्या गदारोळात दशकभरात सिंचित क्षेत्राच्या प्रमाणात ०.१ टक्के वाढ झाल्याचा आर्थिक पाहणीतला आकडा सगळ्यांना पाठ झाला, चितळे समितीही बसली. पण पांढऱ्यांचा उपशाबद्दलचा मुद्दा राजकारणाच्या धुळीत मागे पडला. मुद्दा सोपा होता: पाणी उचलायला वीज लागते, विजेला बिल असते आणि बिल कोणीतरी भरावे लागते.

आकडेमोड कोणीही डिप्लोमाचा मुलगा करील. एक घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला, पंप-मोटारीची एकत्रित कार्यक्षमता ७० टक्के धरली तर, सुमारे ०.३९ युनिट वीज लागते. एका हेक्टरला हंगामात ३,००० घनमीटर पाणी शेतावर पोचवायचे तर जवळपास १,२०० युनिट. वाटेत पाचवा हिस्सा गळाला, तर साडेचौदाशे. हा प्रति हेक्टरी हिशेब बोदवडच्या प्रत्यक्ष उचलीच्या मीटरांत मांडून, प्रचलित दराने गुणून, कपाशीच्या उत्पन्नाशेजारी ठेवला पाहिजे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांत वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्याने उचलायचे ठरले, ते कोणाच्या कृपेने ठरलेले नाही. बिल थकून म्हैसाळचे पंप बंद पडले, आवर्तने चुकली, सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांतली माणसे रस्त्यावर आली, तेव्हा ते ठरले. पूर्णाकाठच्या योजनेला हा वाटा पंप सुरू होण्याआधीच ठरवून घेता येईल. तसे झाले तर एका आमदाराने केलेली ती एखाद्या धरणाएवढी कमाई ठरेल. त्याला नारळ फोडावा लागत नाही, फीतही कापावी लागत नाही.

दुसरी गोष्ट शेवटच्या चारीची. योजनेचे वितरण बंदिस्त नळ्यांतून असले, तर उघड्या कालव्याप्रमाणे पाट फोडून पाणी घेता येत नाही, हे खरे. पण दाब सांभाळला नाही तर वरचा शेतकरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि शेवटच्या कुंडीत हवा फुसफुसते. इथे पाणी वापर संस्था लागतात, आणि त्या पाणी आल्यावर नव्हे, आधी लागतात. २००५चा कायदा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा आहे. नाशिकच्या वाघाडला बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तो कागदावर येण्याआधीच जमिनीवर उतरवला होता. बोदवड-मोताळ्याच्या लाभक्षेत्रात आज किती संस्था नोंदल्या आहेत, त्यांतल्या कितींनी पाळीपत्रक बनवण्याचा सराव केला आहे, हे प्रश्न अधिवेशनात यायला हवेत. आमदार कालवा सल्लागार समितीवर बसतो, पण ती बैठक अजूनही आवर्तनाच्या तारखांवर सुरू होते आणि तिथेच संपते.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी नाही. मुक्ताईनगर-बोदवडच्या ८१ गावांची योजना लोक अजून ‘ओडीए’ म्हणूनच ओळखतात. ब्रिटिश मदत संस्थेचे नाव टिकले, नळाचे वेळापत्रक टिकले नाही. योजनेच्या भांडवलाला देणगीदार मिळाला होता. तिच्या पंपाच्या तेलाला, वाळलेल्या ग्लँड पॅकिंगला आणि जुन्या वाहिनीच्या गळतीला कोणी देणगीदार नसतो. जानेवारी २०२२मध्ये बोदवड नगरपंचायत पाटलांच्या मूळ पक्षाकडे, शिवसेनेकडे, आली. त्यामुळे आमदार आणि नगरपंचायत एका बाजूला असण्याची दुर्मीळ सोय गावाला मिळाली. अशा सोयीचा उपयोग नवी टाकी मागण्याआधी वाहिनीचे गळती-मापन करून घेण्यात आहे. आपल्यातला एखादा कनिष्ठ अभियंता हे काम प्रवाहमापक लावून महिनाभरात करून देईल.

काही वाचक म्हणतील की आमदाराला असले तांत्रिक काही नको असते, त्याला फोटो हवा असतो. असेल. पण १९६२च्या त्या तरुण वकील आमदाराच्या वेळी तालुक्यात पदवीधर अभियंता शोधावा लागत होता. आज जळगावात तापी महामंडळाचे मुख्य कार्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, निवृत्त शाखा अभियंते तर गल्लोगल्ली आहेत. एवढे असूनही लोकप्रतिनिधीकडे पोचतो तो फक्त ठेकेदाराचा कागद. तो नीट टाईप केलेला असतो, त्यावर आकडा मोठा असतो आणि त्याला उत्तर म्हणून आपला दुसरा कागद टेबलावर कधी नसतो.

२०२४ला खानदेशातून आणखीही नवे आमदार सभागृहात गेले आहेत. रावेरला अमोल जावळे, एरंडोलला अमोल पाटील, धुळे शहरात अनुप अग्रवाल. कोणी वारसा घेऊन आले, कोणी संघटनेतून. त्यांची टर्म कोविडाची नाही आणि त्यांना अधिवेशने पूर्ण मिळतील. आपापल्या भागातल्या एका योजनेवर एका पानाचे टिपण तयार करा: प्रति हेक्टरी विजेचे युनिट, आजची गळती, नोंदलेल्या संस्था, शेवटच्या कुंडीचा दाब. मान्यतेची आणि निधीची मागणी त्यात नको. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी ते तुमच्या आमदाराच्या हातात द्या आणि त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा. आलेली टिपणे आम्ही एका अंकात एकत्र छापू.