पान्हा फुटतो म्हणजे

आम्ही लिहिणाऱ्यांनी ‘पान्हा’ हा शब्द इतका गुळगुळीत करून ठेवलाय, की त्याच्याआडची ठणकणारी छाती कुणाला दिसतच नाही.

मला पान्हा फुटला तिसऱ्या दिवशी. छाती दगडासारखी टणक झाली, अंगात कणकण आली. बोंडशीला भेगा आधीच पडल्या होत्या. त्यातलं रक्त बाळाच्या ओठांना लागलं. बाळ रडलं की माझ्या पायांची बोटं आखडायची. सासूबाई म्हणाल्या, “सगळ्यांनाच होतं. सोसायचं.” नर्सही तेच म्हणाली. भिंतीवरच्या पोस्टरमधली आई मात्र हसत होती.

सोसायचं का? सुरुवातीचं हुळहुळणं निराळं, भेगा निराळ्या. भेगा बहुतेकदा पडतात त्या बाळाची पकड चुकल्यामुळे: नुसती बोंडशी तोंडात, भोवतीचा काळा भाग बाहेर. हे मला कळलं पाचव्या दिवशी, मालिशवाल्या मावशींकडून. त्यांनी बाळाचा जबडा मोठा उघडेपर्यंत थांबायला लावलं, मग त्याला जवळ ओढून हनुवटी छातीला टेकवली. सोडवताना ओढायचं नाही, ओठांच्या कडेनं करंगळी आत सरकवायची. दोन मिनिटांचं काम! (मावशींना स्तनपान सप्ताहात भाषणाला कुणी बोलावत नाही.)

सोसण्याचं मात्र आपल्याला भारी कौतुक. रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीच्या नावानं आपण एसटी स्टँडवर कक्ष उघडतो. सकाळपासून बाळाला न पाजलेली तिची छाती त्या संध्याकाळी किती ठणकत असेल, हे शाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं.